जोडलेला कोपरा

मी कागदाचा माणूस आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यांत एकतीस वर्षं कागद तपासण्यात गेली. कागद चिमटीत धरला की त्याचं वजन कळतं, उजेडात धरला की साधारण वय सांगता येतं. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात मला हा शहाणपणाच नडला, म्हणून आधी कबूल करून मोकळा होतो.

आम्ही गुडगावात आलो ते १९९६च्या मार्चमध्ये. त्याला गुरुग्राम म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. परदेशी कंपन्या देशात उतरायला लागल्या होत्या. त्यांचे टीव्ही, त्यांचे बूट, त्यांचे मक्याचे पोहे, सगळ्याला खोकं लागत होतं, आणि ती खोकी वाटेत दबू नयेत हे पाहायला उद्योग विहारातल्या एका नव्या कारखान्याने मला पुण्याहून बोलावून घेतलं. आमच्या सेक्टरमधले रस्ते आठ मोटारी शेजारी-शेजारी धावतील एवढे रुंद होते आणि त्यांवर बहुतेक वेळा एखादी म्हैस असे. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. मागच्या बाल्कनीतून कुंपणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत मोहरी. थंडीत ती पिवळी होई आणि सकाळी धुक्यातून मोरांचे आवाज येत. आज तिथे दहा मजली आणि चोवीस मजली इमारती आहेत. मी परवा मुद्दाम जाऊन पाहून आलो, आमची बाल्कनी नक्की कुठे होती ते मला सांगता आलं नाही.

माझी बायको कुमुद नगर जिल्ह्यातल्या राहेगावची. माहेर ख्रिस्ती, अमोलिकांचं. तिचे वडील गुलाबराव मिशनच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही रजिस्टर लग्न केलं तेव्हा ते आले नाहीत. पत्र आलं, त्यात 'आशीर्वाद' एवढा शब्द कामाचा होता, बाकी हवापाण्याची चौकशी होती. पुढची दहा वर्षं आमचं नातं असंच हवापाण्याचं राहिलं. मी त्यांना आप्पा म्हणे, ते मला दिलीपराव म्हणत. आम्ही दोघंही फार सभ्यपणे वागत असू.

त्या जुलैत कुमुदची आई गेली आणि आप्पा एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आले. राहेगावात राहण्यासारखं काही उरलंही नव्हतं. शाळेचं क्वार्टर सोडावं लागलं होतं, आणि जुनं चर्च दोनच वर्षांपूर्वी पाडून तिथे सिमेंटचं मोठं बांधलं होतं. "आमचं देऊळ पाडलं," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी चुकून विचारलं, "कोणत्या देवाचं?"

"आमच्यात एकच आहे, दिलीपराव," आप्पा म्हणाले. कुमुद स्वयंपाकघरात हसली. त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, हे लग्नाला दहा वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आप्पांनी विनोद केला नाही. मागच्या बाल्कनीत वेताची खुर्ची टाकून ते मोहरीकडे तोंड करून बसत. जेवायला बोलावलं की येत, अर्धी पोळी खात, ताट स्वतः उचलून ठेवत. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दिवाळीपर्यंत त्यांचे सदरे खांद्यावरून उतरायला लागले. कुमुद सदरे उसवून आतून शिवून देई, म्हणजे त्यांना ते कळू नये.

"ते इथे टिकणार नाहीत रे," एकदा ती मला म्हणाली. "त्यांनी ट्रंक अजून उघडलेली नाही. रोजचे कपडे पिशवीतून काढतात."

ते टिकावेत, एवढंच आम्हाला हवं होतं. मला तर जास्तच. या माणसाने माझ्या घरात एकदा पोटभर जेवावं आणि आपल्या घरात जेवल्यासारखं जेवावं, याची मला दहा वर्षांची भूक होती.

वल्लरी, आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. तिचं मराठी पातळ व्हायला लागलं म्हणून दर रविवारी आम्ही तिला पहाडगंजला काही मराठी मंडळी चालवत त्या वर्गाला नेत असू. ती 'अ अननसाचा' करत असताना मी गल्ल्यांतल्या जुन्या कागदांच्या दुकानांत फिरे. लेबलं, जुनी पाकिटं, चित्रांची पोस्टकार्डं जमवायचा मला नाद होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी एका खोक्यात ते कार्ड मिळालं.

चित्र चर्चचं होतं. काळ्या दगडाची छोटी, कौलारू इमारत, बंद दार, शेजारी लाकडी चौकटीला टांगलेली घंटा आणि एक कडुनिंब. माणूस एकही नाही. खाली बारीक इंग्रजी छापील अक्षरांत गावाचं नाव होतं: राहेगाव. मी ते तीनदा वाचलं.

मागच्या बाजूला राजाचं तिकीट, १९११चा शिक्का. पत्ता ओलीने पुसून गेला होता, त्यातलं 'दिल्ली' तेवढं उरलं होतं. मजकूर मोडीत. मोडी एका रेघेला टांगलेली असते आणि शब्द कुठे तुटतो ते माझ्यासारख्याला कळत नाही. चित्राच्या बाजूने खालचा डावा कोपरा फाटलेला होता.

"कोना गया हुआ है, साब," दुकानदार म्हणाला. "वरना ये चीज़ यहाँ पड़ी मिलती?"

घरी येऊन भिंगाखाली पाहिलं. जुना कागद बाहेरून पिवळा पडतो, पण आत गाभ्यात बरीच वर्षं पांढरट राहतो. आज फाडलात तर ती पांढरी कड लगेच दिसते. या कार्डाची फाटलेली कड आरपार तपकिरी होती, म्हणजे कोपरा कार्डाच्या तरुणपणीच गेलेला. फाटही झिजून गेल्यासारखी नव्हती, तिरकी आणि सरळ होती, कुणीतरी बोटांनी मुद्दाम काढल्यासारखी. हे मी पाहिलं, आणि त्याचा अर्थ काय असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मला फक्त तूट दिसली.

तीन आठवडे मी त्या कोपऱ्यावर बसलो. त्याच काळातल्या एका कोऱ्या कार्डाचा तुकडा घेतला, दोन्ही कडा ब्लेडने तासून पातळ केल्या, गव्हाच्या खळीने जोडल्या, चहाच्या पाण्याने रंग जमवला, कडुनिंबाच्या सावलीचा उरलेला भाग पेन्सिलीने भरला. काम इतकं चांगलं झालं की नंतर मलाच सांधा शोधावा लागला. मग दोन काचांमध्ये कार्ड बसवलं, म्हणजे मागचं अक्षरही दिसावं, चारी बाजूंनी टेप लावली आणि सवयीप्रमाणे टेपेवर तारीख घातली.

नाताळच्या सकाळी, करंज्यांचा डबा उघडताना, मी ते आप्पांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. "आमचं देऊळ," ते म्हणाले, आणि मग काच उलटी केली. "हे दादांचं अक्षर आहे. माझ्या वडिलांचं."

कुमुद करंजी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आप्पांचे काका तेव्हा दिल्लीच्या मिशन इस्पितळात कंपाउंडर होते, हे तिने मला नंतर सांगितलं. आप्पांनी मोडी सावकाश, शाळेत वाचून दाखवावं तशी वाचली.

"बाळी काल दुपारी निजली. आता उठेल तेव्हाच भेट."

"निजली मतलब?" वल्लरीने विचारलं.

"झोपली," मी म्हणालो.

आप्पा माझ्याकडे पाहत होते. काचेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "कार्ड असंच मिळालं तुम्हाला? अखंड?"

आता खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती. त्यांना सांधा दिसला नव्हता. जोड सांगितली तर भेट उणी होईल असंही वाटलं असावं. मी म्हणालो, "हो, असंच होतं."

त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मग निजलीच असेल," ते म्हणाले, आणि दुसरी करंजी मागून घेतली.

दुपारी कुमुदने मला बाल्कनीत ओढलं. "बाळी म्हणजे आप्पांची थोरली बहीण. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, चार वर्षांची असताना गेली. आमच्यात मेली म्हणत नाहीत, दिलीप. प्रभूमध्ये निजली म्हणतात. आणि शेवटल्या दिवशी सगळी उठतात. दादांनी तेच लिहिलंय."

"मग आप्पा असं का म्हणाले?"

"आजीमुळे. आजीने ते कधी मानलंच नाही. ती म्हणायची, बाळी नुसती निजलीय. जन्मभर तिने घरात दुपारी कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. आप्पा त्या घरात वाढले." तिने आत डोकावून पाहिलं. "आणि असल्या पत्राचा कोपरा फाडतात ना. म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं की बातमी वाईट आहे. हे कार्ड तर धड आहे. मलाच कळत नाही."

मी मोहरीकडे पाहत राहिलो. आमच्या पुण्याच्या घरीसुद्धा ती पद्धत होती. कोपरा फाटलेलं कार्ड दारातच वाचायचं, घरात आणायचं नाही, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन आठवडे भिंग लावून मी त्याच कोपऱ्याकडे पाहत होतो.

सांगायला हवं होतं. पण आतून ताटाचा आवाज आला. आप्पा दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

त्या दिवसापासून आप्पा जेवू लागले. ट्रंक उघडली, तिच्यातून पुस्तकं आणि तबल्याची हातोडी निघाली. हातोडी का आणली होती ते त्यांनाही सांगता येईना. संध्याकाळी ते वल्लरीला पाढे म्हणायला लावत, सकाळी बाल्कनीत हलक्या आवाजात गात. फक्त दुपारी, जेवणं झाली की पाचापर्यंत, त्यांना शांतता लागे. "हळू," ते म्हणत, "बाळी निजलीय." टीव्हीचा आवाज खाली आला. कुमुदने मिक्सर सकाळी लावायला सुरुवात केली. वल्लरी शाळेतून येऊन बूट दाराबाहेर काढू लागली आणि 'निजली' हा शब्द तिला इतका आवडला की ती बाहुल्यांनाही निजवू लागली. आम्ही ते म्हाताऱ्याचं खूळ समजत होतो. घर असं शांत, ऊन असलेलं, गाजरं किसल्याच्या वासाचं, मला पुन्हा कधी मिळालं नाही. त्या दुपारींची मला अजून आठवण येते, आणि ती येताना गोडच येते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे झाडू-भांडी करायला जवळच्या गावातून कमलेश नावाची बाई येई. जानेवारीत एका दुपारी आप्पांच्या खोलीच्या दारातून ती झाडू घेऊन परत फिरली.

"बीबीजी, छोरी सोवै सै," पोरगी झोपलीय, असं ती कुजबुजत म्हणाली. "यो कमरा बाद में कर दूँगी."

कुमुदने हे मला संध्याकाळी सांगितलं. आप्पा त्या वेळी बाल्कनीत खुर्चीवर होते.

"वल्लरी तेव्हा शाळेत होती," ती म्हणाली.

"चादरींचा ढीग असेल."

"असेल. मी कमलेशला काही बोलले नाही. ती रोज ती खोली शेवटी करते आता."

मी पाहिलं तर आप्पा पलंगावर पार कडेला झोपत होते. भिंतीकडची बाजू त्यांनी मोकळी सोडली होती आणि तिथे वल्लरीचा जुना, पांघरायचा बारका लेप घडी करून ठेवलेला असे. मी विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला मला सुट्टी होती. दुपारी वीज गेली, थोड्या वेळाने सोसायटीचं जनरेटरही बंद पडलं. जनरेटर थांबल्यावर गुडगावात जी शांतता होई ती आता कुणाला सांगून खरी वाटणार नाही. फ्रिजचासुद्धा आवाज नव्हता. बाहेर धुकं होतं, दिवसभर ऊन पडलंच नव्हतं. वल्लरी माझ्या पायाशी बसून चित्र रंगवत होती. कुमुद ओट्याशी होती, आप्पा बाल्कनीत, शालीत गुंडाळलेले. तिघेही मला दिसत होते.

आणि आप्पांच्या खोलीतून श्वास ऐकू येत होता. थोडा चोंदलेल्या नाकाचा, लहान मुलाचा, अगदी संथ.

मी उठून दारात गेलो. पलंग रिकामा होता. लेप उलगडलेला होता. भिंतीकडच्या बाजूला कापसाची गादी दबलेली होती. मी पट्टी आणून मोजलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. तीन फूट दोन इंच. तळहात ठेवला, गादी ऊबदार होती.

"पप्पा," वल्लरी मागून कुजबुजली, "उसको मत उठाओ ना. आजोबा म्हणाले, ती उठली की ते जाणार."

आप्पांनी तिला असं सांगितलं होतं तर. आता उठेल तेव्हाच भेट. मी पट्टी खिशात घातली आणि दार हळूच ओढून घेतलं. त्या दिवसापासून घरात सगळ्यात हळू चालणारा माणूस मी होतो. बाल्कनीच्या दाराच्या बिजागऱ्यांना मी तेल घातलं. भोंगा वाजवणाऱ्या भाजीवाल्याला खाली जाऊन सांगून आलो की घरात लहान मूल झोपतं. हे करणारा मी एरवी पंचांगसुद्धा न पाहणारा माणूस. पण आप्पांचे सदरे पुन्हा खांद्यावर बसत होते, आणि त्यासाठी मी त्याहून वेडेपणा केला असता.

फेब्रुवारीच्या शेवटी भिंतीपलीकडच्या मोहरीत चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या. मग पत्र्याचं कुंपण आलं आणि मोठा फलक लागला: दहा मजली इमारती, पोहण्याचा तलाव, परदेशासारखं राहणीमान. खांब ठोकायचं यंत्र कधी येणार ते विचारायला मी साइटवर गेलो. तिथला इंजिनियर सभ्य होता. दुपारी दोन ते पाच काम बंद ठेवता येईल का, या माझ्या प्रश्नावर त्याने मान वर केली. "सर, काम तो दिन में ही होगा न," तो म्हणाला. "घर में कोई बीमार है?"

"सोता है कोई," मी म्हणालो.

यंत्र मार्चच्या चौदा तारखेला आलं. त्या सकाळी मी ऑफिसला निघताना आप्पा दाराशी आले. एरवी ते येत नसत.

"दिलीपराव, तुमचा हात फार बारीक आहे," ते म्हणाले.

मी बूट घालत होतो, तसाच थांबलो.

"मी अडतीस वर्षं मास्तर होतो. पोरं प्रगतिपुस्तकाचे कोपरे जोडून आणायची, त्यांत मी कधी फसलो नाही. नाताळलाच ओळखलं होतं."

"आप्पा, मला माफ करा. मला माहीत नव्हतं की तो कोपरा..."

"ते नाही म्हणत मी. कोपरा जोडलात म्हणजे तुम्ही बातमी मागे घेतलीत, असं मी धरून चाललो. आमच्या आईने जन्मभर कुणीतरी हे करावं म्हणून वाट पाहिली. तुम्ही केलंत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दहा वर्षांत पहिल्यांदा. "इथे बरं वाटलं मला. माझ्याच घरात राहिल्यासारखं वाटलं. जा आता, उशीर होईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी जिना भराभर उतरलो. खाली येईपर्यंत पहिला ठोका पडला. पायऱ्यांवरची वाळू थरथरली.

ऑफिसात दुपारी साडेतीनला कुमुदचा फोन आला. मागे ठोके ऐकू येत होते, एकसारखे.

"दिलीप," ती म्हणाली, "आप्पा निजले."

तीन महिने आमच्या घरात या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. नाताळला तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं, मला ते कळलंही होतं. तरी मला खरंच आनंद झाला. एवढ्या आवाजात त्यांना झोप लागली याचा.

"बरं झालं," मी म्हणालो. "निजू दे. उठवू नकोस त्यांना."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी राहिलेले दोन रिपोर्ट पुरे केले. वाटेत गाडी थांबवून आप्पांसाठी चिकू घेतले, एकेक दाबून, पिकलेले पाहून. सहाला घरी पोचलो तेव्हा जिन्यावर दाराबाहेर खूप चपला होत्या. शेजाऱ्यांच्या असाव्यात हे लक्षात आलं, आणि मग हातातल्या पिशवीचं काय करावं ते समजेना.

आप्पा पलंगाच्या मधोमध होते. कडेला नाही. भिंतीकडची गादी फुगून वर आली होती. मी हात लावला. गार होती.

कुमुदने मला दोष दिला नाही. "मला रडू येत होतं," ती एवढंच म्हणाली, "आणि तू म्हणालास उठवू नकोस. मला वाटलं, तुला सगळं कळलंय."

दुसऱ्या दिवशी दिल्लीत त्यांना माती दिली. चर्चचे पाळक हिंदी बोलणारे होते. शेवटचं गीत कुमुदने एकटीने मराठीत म्हटलं, आणि पहाडगंजच्या वर्गाच्या बाई, ज्यांना ते येत नव्हतं, तिच्या शेजारी उभ्या राहून नुसते ओठ हलवत होत्या.

तिसऱ्या दिवशी कमलेश कामावर आली आणि तिने आप्पांची खोली सगळ्यात आधी झाडायला घेतली.

"आज ये कमरा पहले?" कुमुदने विचारलं.

"छोरी तो उठ ली ना, बीबीजी," कमलेश म्हणाली. "उस दिन देखा था मन्नै. बाऊजी की उँगली पकड़ राखी थी." ती झाडतच राहिली. तिने पाहिलं ते तीनच्या सुमारास. वल्लरीची शाळा साडेतीनला सुटे.

राहेगावला आणि नगरला कळवायचं होतं. मी पंधरा पोस्टकार्डं आणली. कुमुद मजकूर सांगत होती, मी लिहीत होतो: गुलाबराव शुक्रवारी दुपारी प्रभूमध्ये निजले. लिहून झालं की प्रत्येक कार्डाचा एक कोपरा फाडायचा. पंधरा कोपरे मी स्वतः फाडले. ताजी कड पांढरी दिसते, केसाळ असते. पंधराही तशाच होत्या.

ते झाल्यावर मी आप्पांच्या उशालगतची काचेची चौकट उचलली. त्या दिवसापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

टेप चारी बाजूंनी धड होती. माझी तारीख तिच्यावर तशीच होती. मी जोडलेला खालचा डावा कोपराही जागच्या जागी होता, सांधा शाबूत.

वरचा उजवा कोपरा नव्हता.

काचांमध्ये तुकडा पडलेला नव्हता. मी टेप कापली, कार्ड बाहेर काढलं आणि भिंग घेऊन खिडकीत बसलो. बाहेर ठोके चालू होते. कोपरा तिरका, सरळ, बोटांनी काढलेला होता. कडेला कुठेही पांढरं नव्हतं. ती आरपार तपकिरी होती, पहिल्या कोपऱ्याइतकीच, एकाच दिवशी एकाच हाताने फाडल्यासारखी.

कार्ड १९११चं. आप्पांचा जन्म बावीस सालचा.